पाहुण्याचे न्हाणीघर आणि भिंतीआडची वायर

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजेरजवाड्यांचा, संतांचा आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास सांगितला जातो, आणि तो सांगितला जावा हे योग्यच आहे. अशा ठिकाणी न्हाणीघराचा आणि त्यातल्या विजेच्या तारांचा इतिहास घेऊन आम्ही उभे राहिलो, तर काही श्रोत्यांना विषय हलका वाटेल. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या संगतीत व वाचनालयाच्या बाकावर अधिक झालेले आहे. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणाच्या हातून झाली आणि ती चुकली तर कोणाच्या जिवावर बेतेल, हे दोन प्रश्न आम्हांला आधी सुचतात. न्हाणीघराला हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

विषय निवडण्याचे कारण हसनाबादेतच आहे. हे गाव भोकरदन तालुक्यातले. याच तालुक्यात राजूरचा गणपती. तेथे चतुर्थीला यात्रेकरूंची रीघ लागते. वायव्येला अजिंठ्याची लेणी आहेत. हा प्रदेश परक्या पावलांना कधीच अनोळखी नव्हता. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे, असे अभ्यासक सांगतात. कोकणात ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या जागोजाग दिसतात. राज्याचे पर्यटन विकास महामंडळ 1975 साली स्थापन झाले, कृषी पर्यटनाचे धोरण 2020 साली आले, आणि आता आपल्या पट्ट्यातही जुने घर दुरुस्त करून चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यावे, असे बेत कानावर येऊ लागले आहेत. बेत चांगला आहे. मात्र त्याची चर्चा ऐकावी तर ती फरशीचा रंग आणि नळाची चकाकी यांवर होते. वायरीचा प्रश्न निघतो तो शेवटी, फरशी बसल्यावर. हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा का झाला हे इतिहासच सांगतो.

आपल्या मराठवाड्यातील माळवदाचे घर डोळ्यांसमोर आणा. जाड मातीच्या भिंती, लाकडी खण, वर पांढऱ्या मातीचा थर. पाणी हे अशा घराचे वैरी. म्हणून न्हाणी घराच्या पोटात नसे. ती परसात किंवा अंगणाच्या कोपऱ्यात, एखादा सपाट दगड आणि आडोशाला तट्ट्या एवढीच असे. पाणी तापे चुलवणावर हंड्यात, पुढे तांब्याच्या बंबात. दिवाळीचे अभ्यंगस्नानसुद्धा पणतीच्या उजेडात उरके. विस्तव एकीकडे आणि अंघोळ दुसरीकडे, मधे माणसाच्या हाताने पाणी वाहून आणायचे, ही जुनी व्यवस्था. तीत कष्ट फार होते, पण आग आणि पाणी यांच्यात अंतर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

श्रीमंतांनी हे कष्ट दुसऱ्यावर टाकले. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमामाची इमारत आजही उभी आहे. हमामाची रचना सर्वत्र साधारण सारखीच: भट्टी भिंतीपलीकडे, तिची ऊब आणि गरम पाणी खापराच्या नळांतून आत. आतल्या माणसाला भट्टी दिसत नसे आणि भट्टीत लाकूड सारणाराही दिसत नसे. पुढे इंग्रजी अमदानीत वाटावाटांवर डाक बंगले झाले. साहेबाच्या निजण्याच्या खोलीला लागून न्हाणीघर आणि त्याला बाहेरून उघडणारे स्वतंत्र दार. त्या दाराने भिस्ती पखालीचे पाणी आणी आणि त्याच दाराने मेहतर मैला घेऊन जाई. पाहुण्याच्या सोयीसाठी राबणाऱ्याने पाहुण्याच्या दृष्टीस पडू नये, हा त्या दाराचा हेतू. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध या देशात 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायदा करावा लागला, यावरून ते दार किती काळ उघडे राहिले याची कल्पना येईल.

पाहुण्याचे न्हाणीघर, मग ते बादशहाचे असो, साहेबाचे असो वा आज यात्रेकरूचे, भिंतीआडच्या माणसाच्या भरवशावर चालत आले आहे. भट्टीवाला गेला, भिस्ती गेला. आज त्या जागी वायरमन आहे. फरक एवढाच, की भिस्ती चुकला तर पाणी गार येई. वायरमनला चुकायला आपण भाग पाडले, तर माणूस मरतो.

आता विजेकडे वळू. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात 1882 साली विजेचे दिवे लागले. पाहुण्यांच्या निवासात विजेचा थाट प्रथम दिसला तो 16 डिसेंबर 1903 रोजी उघडलेल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. जर्मन उद्वाहक, अमेरिकन पंखे आणि तुर्की पद्धतीचे हमाम यांचे तेथे मोठे कौतुक झाले. खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले ते प्रामुख्याने गिरण्यांसाठी. म्हणजे वीज आधी धनिकाच्या सुखासाठी आणि गिरणीच्या मागासाठी आली. सामान्य घराकडे ती फार सावकाश वळली. आपण तर निजामी राज्यात होतो. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाले, मराठवाडा 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र राज्य आणि त्याचे वीज मंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज 1962 पासून वाहू लागली. मराठवाड्याच्या भूमीवर परळीचे औष्णिक केंद्र 1971 साली सुरू झाले. खेड्यांत तारा पोहोचल्या त्या या काळात.

त्या तारा घरात कशा शिरल्या, हे ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल. सागवानी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली दुहेरी वायर, लाकडी गोल ठोकळ्यावर पितळी टोपीचा खटका आणि एक पिवळा दिवा. तारा दोनच: एक जाणारी, एक येणारी. जमिनीशी जोडणारी तिसरी तार, जिला आपण अर्थ म्हणतो, ती बहुधा नसेच. दिव्यापुरती वीज घ्यायची तर तिची निकड कोणाला भासत नव्हती. न्हाणीच्या वाट्याला तर घरातला सर्वांत मिणमिणता दिवा येई. मग न्हाणी घरात आली, परसातल्या दगडाची मोरी झाली, मोरीची बाथरूम झाली, आणि दिव्यासाठी ओढलेल्या त्याच दोन तारांवर पाणी तापवायचे यंत्र चढले.

ते यंत्र म्हणजे गिझर. या शब्दाची कथा मौजेची आहे. आइसलँडमध्ये गायसिर नावाचा उष्ण पाण्याचा उसळता झरा आहे. त्यावरून लंडनच्या बेंजामिन मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिराने 1868 साली केलेल्या गॅसच्या तापकाला हे नाव मिळाले. त्याच्या यंत्रात पाणी क्षणात तापे, पण धूर बाहेर जाण्यास नळकांडे नव्हते. तेव्हा न्हाणीघरातील पहिला गिझर सोयीबरोबर धोकाही घेऊनच आला. पुढे गॅसच्या जागी वीज आली, धूर गेला. धोका राहिलाच, फक्त तो डोळ्यांना दिसेनासा झाला.

किती धोका, याचा हिशेब आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात मांडतो, तोच येथे मांडतो. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. ओल्या अंगाच्या माणसाचा विजेला होणारा विरोध सुमारे 1000 ओहम धरला, तर त्याच्या देहातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डालझिएल यांनी माणसांवर जपून प्रयोग करून दाखविले, की सरासरीने पुरुषाला 16 आणि स्त्रीला साडेदहा मिलिअँपिअरच्या पुढे हातातली तार सोडवत नाही; स्नायू आखडतात. आता आपला फ्यूज पाहा. गिझरचा फ्यूज 15 अँपिअरचा, म्हणजे 15,000 मिलिअँपिअरचा. माणूस 230 ला मरेल आणि फ्यूज जागचा हलणार नाही. फ्यूज घराला आगीपासून वाचविण्यासाठी आहे. माणसाला वाचविणे हे त्याचे कामच नव्हे.

कोणी म्हणेल, अर्थिंग आहे ना! अर्थिंग हवेच. तीन पिनांच्या प्लगात अर्थची पिन लांब आणि जाड असते ती उगाच नव्हे: यंत्रात वीज येण्याआधी अर्थ जोडला जावा आणि प्लग काढताना तो शेवटी सुटावा, ही योजना 1934 च्या ब्रिटिश मानकापासून आपल्याकडे चालत आली आहे. पण आपल्या मुलखातला अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून भरलेला असतो आणि चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते तेव्हा तो कोरडा ठक्क पडतो. त्याचा विरोध 30 ओहम झाला असे धरू. गिझरची कांडी फुटून डबा विजेने भारला, तर खड्ड्यातून जाणारा प्रवाह 230 भागिले 30, म्हणजे पावणेआठ अँपिअरही नाही. 15 चा फ्यूज शांत राहील आणि डबा, नळ, फवारा सारे जिवंत तारेसारखे होतील. विहिरी-बोअरचे जड पाणी कांडीवर क्षाराचे कवच चढवते, कवचाखाली कांडी अधिक तापते आणि फुटते. म्हणून असा प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ मानण्याचे कारण नाही. विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची राष्ट्रीय नोंद अलीकडच्या वर्षांत दर साल दहा हजारांच्या वर आहे. ते सगळे न्हाणीघरातले नव्हेत हे खरे, परंतु पाणी, वीज आणि अनवाणी माणूस हे तिघे रोज एकत्र येतात अशी घरातली दुसरी जागा आम्हांला दिसत नाही.

यावरचा उपाय कोठे सापडला, ते या व्याख्यानाचे मर्म आहे. तो कोणा धनिकाच्या स्नानगृहात सापडला नाही. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत विजेच्या अपघातांची मोठी धास्ती होती. तेथील हेन्री रुबिन या अभियंत्याने 1955-56 साली गळती ओळखणारे अतिशय संवेदनशील यंत्र तयार केले. स्टिलफाँटेन या खाण-वसाहतीत घरकाम करताना काही स्त्रिया विजेच्या धक्क्याने दगावल्या. त्यानंतर 1957 आणि 1958 साली त्या वसाहतीच्या घरांत 20 मिलिअँपिअरवर वीज तोडणारी काही शे यंत्रे बसविली गेली. खाणकामगारांच्या बायकांच्या मरणाने जगाला हे शहाणपण शिकविले. पुढे डालझिएल यांनीही अमेरिकेत अशा साधनाचा पुरस्कार केला. आज वायरमन ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते याच वंशातले.

त्याचे काम समजायला गिरणीच्या दाराशी बसणारा टाइमकीपर आठवावा. पाळीला किती आत गेले आणि सुटीला किती बाहेर आले, हे तो मोजतो. हे यंत्रही तेच करते: फेजमधून जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का, हे अखंड पाहते. 30 मिलिअँपिअर कमी आले, म्हणजे तेवढे कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात आहेत, हे ओळखून ते निमिषात दार बंद करते. कोरड्या खड्ड्यातला अर्थ जेथे हरतो तेथे हे जिंकते. मात्र कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर जाणे-येणे सारखेच होते आणि टाइमकीपरही फसतो. तेव्हा हे आहे म्हणून बाकीचे ढिले सोडावे, असे नव्हे.

मग पाहुण्यांसाठी न्हाणीघर नव्याने करताना काय करावे? प्रथम हे मान्य करावे, की आपली न्हाणी इंग्रजी न्हाणीघरासारखी नाही. साहेब टबात बसतो आणि बाकीची जमीन कोरडी असते. आपण जमिनीवर उभे राहून वा पाटावर बसून तांब्याने पाणी घेतो, सगळी खोली ओली होते. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने न्हाणीघराचे पट्टे आखून दिले आहेत. टब वा कुंड नसलेल्या जागी फवाऱ्यापासून 120 सेंटीमीटर आणि जमिनीपासून 225 सेंटीमीटर उंचीपर्यंतचा भाग जपायचा आहे, तेथे साधा खटका किंवा प्लगची जागा नको. आपली न्हाणी चार फूट बाय सहा फुटांची. चार फूट म्हणजेच सुमारे 120 सेंटीमीटर. तेव्हा हिशेब सरळ आहे: आपल्याकडे बहुतेक सगळी खोलीच त्या पट्ट्यात येते. खटके सारे दाराबाहेर, कोरड्या भिंतीवर असावेत, आणि पाहुण्याला ते सापडावेत म्हणून त्यांवर मराठीत नावे लिहावीत.

गिझरला बोर्डापासून स्वतंत्र वायर द्यावी. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो. दिव्याच्या जुन्या वायरीवर हा भार टाकणे म्हणजे बकरीच्या गळ्यात बैलाचे जू. त्याचा खटका दोन्ही तारा एकदम तोडणारा, डबल पोल असावा, आणि जोडणी प्लगावर न ठेवता पक्की असावी. पंधरा लिटरचा असा गिझर 20 अंशांचे पाणी 60 अंशांवर न्यायला वीस-एकवीस मिनिटे घेतो. हे भिंतीवर लिहून ठेवले तर पाहुणा तो तासभर चालू ठेवणार नाही. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत अंग भाजते, म्हणून लहान मुले आणि वृद्ध उतरणार असतील तेथे तापमान खाली ठेवावे. दाब सोडणारी झडप कधीही बुजवू नये. दिवा बंद काचेचा, पाण्याचा शिंतोडा सोसणारा असावा आणि तो इन्व्हर्टरवर असावा. गिझर मात्र इन्व्हर्टरवर नको. ओल कोंडून माळवदाची भिंत फुगते, यासाठी हवा बाहेर टाकणारा पंखा वर उंचावर हवा. मातीच्या भिंतीत पन्हळ कोरून वायर गाडण्यापेक्षा ती वरून नळीतून न्यावी, म्हणजे ओल आणि खिळे दोन्हींपासून ती वाचेल. लोखंडी नळ, गिझरचा डबा आणि धातूचे दार-चौकट अर्थला जोडावीत. बादलीत सोडायची उघडी कांडी पाहुण्यांच्या घरात मुळीच असू नये.

ही यादी पाहिली तर एक गोष्ट ध्यानी येईल: यातले बहुतेक काम फरशी बसण्याआधीचे आहे. आणि येथेच आमचा कामगार-कार्यकर्त्याचा जीव तुटतो. घरमालक सुताराला वेळ देतो, गवंड्याला देतो. वायरमनला मात्र हंगामाच्या आदल्या आठवड्यात बोलावतो. वर त्याला सांगतो, की अर्थची वायर वाचव, कोणाला दिसते? एका गावी एका लॉजमध्ये आम्ही पाहिले, की गळती-यंत्र पुन्हा पुन्हा पडते आणि गिऱ्हाईक कुरकुर करते म्हणून मालकाने ते वगळून जोडणी करून घेतली होती. ज्या वायरमनने ती केली त्याला आम्ही विचारले. तो म्हणाला, “साहेब, नाही म्हटलं असतं तर उद्यापासून दुसरा आला असता. माझी रोजी गेली असती आणि वायर तशीच राहिली असती.” त्याचे उत्तर आम्हांला आवडले नाही, पण ते खोटे नव्हते. यंत्र पडत होते ते बिघडले म्हणून नव्हे, तर कोठेतरी गळती आहे हे ते प्रामाणिकपणे सांगत होते म्हणून. आणि ते ऐकण्याचे धैर्य एकट्या रोजंदारीच्या माणसाने दाखवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. 1956 च्या विद्युत नियमांतच म्हटले होते, की असे काम परवानाधारक कंत्राटदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे. ते नियम जाऊन 2010 साली आणि पुढे 2023 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे विनियम आले. पण कायद्याचा कागद न्हाणीच्या भिंतीत शिरत नाही. तेथे वायरमनचा हात शिरतो. त्या हाताला पुरेसा वेळ, रास्त मजुरी आणि ‘हे मी करणार नाही’ असे म्हणण्याची मोकळीक असेल, तरच कायदा भिंतीत उतरतो. वायरमनच्या संघटनेची मागणी म्हणजे केवळ पोटाची मागणी, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि पाहुण्याचाही विचार करावा. घरचा माणूस घराच्या खोडी जाणतो. कोणता खटका झिणझिण्या आणतो हे त्याला ठाऊक असते आणि तो पायात चप्पल घालून न्हाणीत जातो. पाहुण्याला यातले काही ठाऊक नसते. तो रात्री येतो, पहाटे उठून दर्शनाला जाण्याआधी अंघोळीला शिरतो, दार आतून लावून घेतो आणि ओल्या हाताने नळ धरतो. त्याने दिलेल्या भाड्यात या अज्ञानाच्या रक्षणाची किंमत धरलेली आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. घराचा नकाशा काढाल तेव्हा गवंड्याच्या आधी वायरमनला बसवा, त्याच्याकडून लेखी तपासणी घ्या, त्याची मजुरी नळाच्या चकाकीतून कापू नका. गळती-यंत्र वेगळे कमी किमतीचे नसते, पण एका देखण्या नळजोडापुढे त्याची किंमत जड वाटू नये. त्या यंत्रावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. ते दाबले की वीज तुटली पाहिजे. न तुटली तर यंत्र निकामी झाले, असे समजून त्या दिवशी ती खोली कोणाला देऊ नये. राजूरला दर महिन्याला संकष्टी येते आणि पाहुणे येतात. तिच्या आदल्या दिवशी घरधन्याने ते बटण एकदा दाबावे आणि उन्हाळा असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. एवढा नेम आपल्या गावाने धरला, तर येथे उतरणारा यात्रेकरू नाहून निघेल आणि सुखरूप घरी पोहोचेल.